क्लबकडून पैसे घेतले म्हणून बंदी आली, त्याच गड्याने जर्मनीला वर्ल्डकप जिंकून दिला

आज फुटबॉलपटूंवर कोट्यवधींची उधळण होते. पण एक काळ असा होता की जर्मनीत क्लबकडून पैसे घेणं हा गुन्हा मानला जायचा. या नियमाचा फटका बसलेला एक खेळाडू म्हणजे सेप हर्बर्गर.

हर्बर्गर यांचा जन्म 1897 चा, मॅनहाइम शहरातल्या कामगार वस्तीतला. वडील काच कारखान्यात मजूर. ते लवकर वारले आणि पोराला शाळा सोडून कामाला जुंपावं लागलं. पण फुटबॉल काही सुटला नाही. 1921 मध्ये तो जर्मनीच्या संघात पोहोचला आणि पहिल्याच मॅचला फिनलंडविरुद्ध दोन गोल ठोकले.

त्याच सुमारास क्लब बदलण्यासाठी त्यांनी पैसे घेतल्याचं उघड झालं. खेळ हौसेपुरता, असा तेव्हाचा नियम. हर्बर्गर यांच्यावर आजीवन बंदी आली. पुढे ती एका वर्षावर आणली गेली.

1936 मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. 1933 मध्ये त्यांनी नाझी पक्षाचं सदस्यत्व घेतलं होतं, हा डाग मात्र पुसला गेला नाही.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीत पाच प्रादेशिक ओबरलिगा होत्या. खेळाडूंना पैसे मिळू लागले, पण सुरुवातीला मर्यादा महिन्याला 320 मार्कची. त्यामुळे बरेच जण नोकरी सांभाळून खेळायचे. अशाच खेळाडूंना घेऊन हर्बर्गर यांनी 1954 ची फायनल मारली. ज्या हंगेरीने आधी 8-3 ने धुतलं होतं, तिलाच 3-2 ने हरवलं. या संघातले पाच जण एकट्या कायझर्सलॉटर्न क्लबचे होते.

तरीही हर्बर्गर यांचं म्हणणं एकच. चांगले खेळाडू सत्तरहून जास्त क्लबमध्ये विखुरलेत, तगड्या मॅचेस कमी होतात, म्हणून देशाची एकच लीग हवी. पण प्रादेशिक संघटना आपला अधिकार सोडायला तयार नव्हत्या.

1962 च्या वर्ल्डकपमध्ये जर्मनी क्वार्टर फायनललाच बाहेर पडली. त्यानंतर काही आठवड्यांतच डॉर्टमुंडच्या बैठकीत निर्णय झाला आणि 1963 मध्ये 16 संघांची बुंडेसलिगा सुरू झाली.

पुढच्याच वर्षी हर्बर्गर निवृत्त झाले. 1977 मध्ये ते वारले, तेव्हा ज्या कारणाने त्यांच्यावर बंदी आली होती, तोच जर्मन फुटबॉलचा राजरोस व्यवहार झाला होता.