ल्यूथराच्या घरचा नाताळ

मार्टिन ल्यूथर म्हटला म्हणजे पोपाशीं व बादशहाशीं झगडणारा धर्मसुधारक आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. आज आम्ही वाचकांस त्याच्या घराच्या उंबरठ्याच्या आंत नेणार आहों.

जर्मनी देशांतील आइस्लेबेन गांवीं सन १४८३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १० व्या तारखेस त्याचा जन्म झाला. शाळेंत असतां तो व त्याचे सोबती नाताळच्या दिवसांत खेडोपाडीं हिंडून बेथलेहेमांत जन्मलेल्या बाळाचीं गीतें दारोदार गात व कोणी देईल तें अन्न घेत. एकदां गांवाच्या टोंकास असलेल्या एका शेतकऱ्याच्या दारीं तीं मुलें गात होतीं. घरधनी मोठ्या राकट आवाजानें ओरडत बाहेर आला. मुलें भिऊन पळत सुटलीं. त्या गरीब बिचाऱ्याच्या हातांत तर त्यांना द्यावयाचे मांसाचे सॉसेज होते! शाळेंत मास्तरांचा मार खाऊन खाऊन मुलांचें मन असें झालें होतें कीं, देणाऱ्याचा हातहि त्यांस मारणाऱ्याचा वाटला. ही गोष्ट ल्यूथर पुढें म्हातारपणींहि सांगे. देव देणगी घेऊन दारांत उभा असतां मनुष्यें त्याला भिऊन अशींच पळतात, असें तो म्हणे.

पुढें तो संन्यासी झाला, गुरु झाला, आणि सन १५१७ पासून जें घडलें तें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. सन १५२१ त वार्टबुर्गच्या किल्ल्यांत लपून राहिला असतां त्यानें नाताळचे उपदेश लिहिले. त्यांत त्यानें बेथलेहेमच्या लोकांस चांगलेंच फैलावर घेतलें आहे. एका कोवळ्या बाळंतिणीस कोणी आपला बिछाना दिला नाहीं! आणि मग तो वाचकाकडे वळतो: आपण तेथें असतों तर बाळाचीं दुपटींसुद्धां धुतलीं असतीं असें आपण म्हणतों, पण शेजारीं जो गरजवंत आहे त्याचें काय?

सन १५२५ च्या जून महिन्यांत त्यानें काथरीना फॉन बोरा हिच्याशीं लग्न केलें. तीहि मठ सोडून आलेली. विटेनबर्ग येथील जुना मठच त्यांचें घर झाला. त्या घरांत सहा लेंकरें जन्मलीं. शिवाय पोरके भाचे-पुतणे, काथरीनाची आत्या, आणि जेवूनखाऊन राहणारे विद्यार्थी. बाग, डुकरें, मासळीचें तळें, हें सर्व काथरीना पाही. ल्यूथराच्या हातीं पैसा टिकत नसे.

सन १५२८ त सॅक्सनीच्या खेड्यांतील मंडळ्यांची तपासणी करितांना त्याला दिसून आलें कीं, पुष्कळांस प्रभूची प्रार्थना किंवा दहा आज्ञाहि येत नाहींत. म्हणून सन १५२९ त त्यानें लहान प्रश्नोत्तरी छापिली, आणि ती शिकविण्याचें काम पाळकाबरोबर घरच्या बापावरहि ठेविलें. नाताळहि त्यानें असाच घरांत आणिला. सन १५३५ त छापलेलें त्याचें पंधरा कडव्यांचें नाताळगीत मुलांसाठीं आहे. आरंभीं देवदूत बातमी सांगतो, मग मुलें गव्हाणीकडे जाऊन बाळाशीं बोलूं लागतात. घरांत एकाला देवदूत करून तें गात असत, अशी परंपरा आहे. पहिली चाल लोकांत खेळाच्या वेळीं म्हणावयाच्या एका गाण्याची होती. ती मुलांस आधींच येत होती, यांत त्याची व्यवहारबुद्धि दिसते.

ल्यूथर मेणबत्त्या लावलेल्या झाडाभोंवतीं मुलांसह बसला आहे असें एक चित्र प्रसिद्ध आहे. तें एकोणिसाव्या शतकांतलें. त्याच्या काळच्या कागदपत्रांत अशा झाडाचा पुरावा नाहीं. गीत मात्र खरें आहे.

आतां सन १५४२ चें वर्ष. थोरला मुलगा हान्स सोळा वर्षांचा. त्याला टोरगाव येथें शाळेस ठेविलें होतें. सप्टेंबरांत तेरा वर्षांची मुलगी मागदालेना आजारी पडली. तिनें भावाचा ध्यास घेतला, म्हणून ल्यूथरानें गाडी पाठवून त्याला आणविलें. २० सप्टेंबर रोजीं ती बापाच्या हातांत वारली. ती देवाजवळ सुखांत आहे हें पक्कें जाणूनहि आपलें हृदय फाटतें, हें त्यानें लपविलें नाहीं.

हान्स शाळेस परत गेला. पण बहिणीच्या दुःखानें व घरच्या ओढीनें तो रडूं लागला, घरीं येऊं म्हणूं लागला. नाताळच्या दुसऱ्या दिवशीं, २६ डिसेंबरास, ल्यूथरानें त्याच्या गुरुजींस पत्र लिहिलें, आणि २७ स मुलास. मुलानें धीर धरावा, आईच्या दुःखांत भर घालूं नये, देवानें आईबापांकडून नेमून दिलेलें शिक्षण पुरें करावें. खरोखर आजारी पडल्यास मात्र कळवावें. आम्हांला हीं पत्रें जरा कठोर वाटतात. ज्या बापानें मुलांस गव्हाणीपुढें गावयास शिकविलें, त्यानें त्या आठवड्यांत मुलाला एकदां घरीं येऊं द्यावयास हवें होतें, असें कोणा आईस वाटेल. पण पत्र लिहिणाऱ्याच्या घरांतहि त्या नाताळीं एक आवाज कमी होता.

पुढील वर्षीं, सन १५४३ त, त्याचें आणखी एक नाताळगीत छापलें गेलें. तें सहाच कडव्यांचें आहे, आणि तेंहि देवदूतांपासूनच सुरू होतें. सन १५४६ च्या फेब्रुवारींत, जन्मला त्याच आइस्लेबेन गांवीं, ल्यूथर प्रभूमध्यें निजला.