आगकाड्यांत प्राण फुंकणारे दादासाहेब

दादासाहेब फाळके म्हटले की 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. परंतु निर्जीव वस्तूंना पडद्यावर हालते-चालते करणारे भारतातील आद्य कलावंतही तेच होते, याची आठवण क्वचितच काढली जाते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट व बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी कलेचे शिक्षण घेतले. छायाचित्रण आणि मुद्रण हे त्यांचे पुढचे व्यवसाय. ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहून त्यांना चित्रपटाचा ध्यास लागला. १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी लंडन गाठले आणि तेथे कॅमेरा विकत घेण्याची व्यवस्था केली.

भांडवल द्यायला मात्र कोणी धजेना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा उभा केला आणि महिनाभराहून अधिक काळ रोपाची वाढ एकेका चौकटीत टिपली. पडद्यावर मात्र ते रोप क्षणार्धात वाढताना दिसले! या 'अंकुराची वाढ'मुळे कर्ज मिळाले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिनेही काढून दिले. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला.

१९१४ साली महायुद्ध पेटले. कच्ची फिल्म दुर्मिळ झाली, धनकोंनी हात आखडता घेतला. मोठा चित्रपट शक्य नव्हता. पण स्वस्थ बसणे दादासाहेबांच्या स्वभावात नव्हते. १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. काडी किंचित सरकवायची, एक चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची. मूकपटाच्या एका सेकंदासाठी अशा सुमारे सोळा चौकटी लागत. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ सालीच आगकाड्यांना नाचवले होते. अर्जेंटिनात क्विरिनो क्रिस्तियानी यांचा पहिला पूर्ण लांबीचा सचेतनपट १९१७ साली आला. आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग उभा राहायला १९५६ साल उजाडले.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला विपन्नावस्थेत दादासाहेबांचे निधन झाले. १९६९ सालापासून त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. 'आगकाड्यांची मौज' मात्र काळाच्या उदरात गडप झाला. पडद्यावर नाचलेल्या त्या काड्या आता केवळ इतिहासाच्या नोंदींतच उरल्या आहेत.