चंबळच्या खोऱ्यातील विनोबा

आचार्य विनोबा भावे यांचे नाव घेताच भूदान, ‘गीताई’ आणि पवनारचा आश्रम डोळ्यांपुढे येतात. त्यांच्या चरित्रातील एक मोलाचे प्रकरण मात्र महाराष्ट्रापासून दूर, चंबळच्या खोऱ्यात घडले. परमुलखात संसार थाटलेल्या आपणा मंडळींना ते विशेष जवळचे वाटावे, म्हणून त्याची येथे उजळणी करीत आहे.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. आई रुक्मिणीबाई यांच्याकडून भक्तीचा वारसा मिळाला. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण वाटेतच उतरून काशीस गेला आणि त्याच वर्षी अहमदाबादेस गांधीजींचा झाला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी बंद्यांपुढे गीतेवर प्रवचने केली. ती साने गुरुजींनी टिपून घेतली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी त्यांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केले. त्यातून भूदान यज्ञ सुरू झाला. माणसाला त्याच्याच गावासमोर, त्याच्या सद्‌बुद्धीला साद घालून बदलता येते, ही विनोबांची श्रद्धा येथे दृढ झाली.

या श्रद्धेची खरी कसोटी चंबळमध्ये लागली. भिंड, मुरैना, आग्रा, धोलपूर या टापूत नदीने कोरलेल्या घळींचे जाळे पसरले आहे. जमिनीचे तंटे, पिढ्यान्‌पिढ्यांची वैरे आणि सूड यांतून फरारी झालेली माणसे या घळींचा आश्रय घेत. ती स्वतःला बागी म्हणवीत. सरकारदरबारी ती दरोडेखोर होती. १९५५ साली मानसिंह पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला. त्याचा मुलगा तहसीलदार सिंह नैनीच्या तुरुंगात फाशीच्या शिक्षेखाली होता. त्याने विनोबांच्या भेटीची इच्छा पत्राने कळविली. विनोबांनी निवृत्त मेजर जनरल यदुनाथ सिंह यांना त्याच्याकडे धाडले. विनोबांनी खोऱ्यात येऊन आपल्या साथीदारांना वाट दाखवावी, एवढीच त्याची विनंती होती.

मे १९६० च्या रणरणत्या उन्हात विनोबा पायी तेथे पोहोचले. त्यांच्याजवळ शस्त्र नव्हते आणि शिक्षामाफीचे आश्वासनही नव्हते. अपराध कबूल करा, शस्त्रे खाली ठेवा, न्यायालय देईल ते भोगा. तुमचा छळ होणार नाही आणि तुमची मुलेबाळे उघड्यावर पडणार नाहीत, हे आम्ही पाहू, असा त्यांचा संदेश होता. लुक्का या नावाने दहशत बसविणारा लोकमन दीक्षित याच्यासह वीस जणांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. पुढे खटले चालले. काहींना शिक्षा झाल्या, काही सुटले. बागींची कुटुंबे आणि त्यांच्या हातून उद्ध्वस्त झालेली कुटुंबे, या दोहोंची विचारपूस करण्यासाठी चंबळ घाटी शांती समिती उभी राहिली.

यावर कडक टीका झाली. ज्यांच्याशी लढताना शिपाई धारातीर्थी पडले, त्यांना असा मान मिळाला तर पोलिसांचे धैर्य खचेल, असे पोलीस खात्यातील वरिष्ठांचे म्हणणे होते. शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या मला हा आक्षेप निराधार म्हणवत नाही. ज्या घरचा माणूस मारला गेला, त्या घराला एका सभेने न्याय मिळत नाही. पण विनोबांनी न्यायालयाची वाट कोठे अडविली होती? कायदा अपराध सिद्ध करून शिक्षा देतो. वैर संपविण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. ते काम समाजाचे आहे, आणि विनोबांनी ते समाजाच्या पदरात टाकले.

बारा वर्षांनी त्याचे फळ दिसले. माधो सिंह पवनारला विनोबांकडे आला. त्यांनी त्याला जयप्रकाश नारायण यांच्याकडे पाठविले. १४ एप्रिल १९७२ रोजी जौरा येथे माधो सिंह, मोहर सिंह आणि त्यांच्या साथीदारांनी गांधीजींच्या प्रतिमेपुढे शस्त्रे ठेवली. त्या वर्षी शरण आलेल्यांची संख्या शेकड्यांत गेली. त्यांच्यासाठी मुंगावलीस खुले कारागृह निघाले. या वेळी घळींत हिंडून बागींची मने वळविणाऱ्यांत लोकमन होता, आणि फाशीतून वाचलेला तहसीलदार सिंहही होता.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे प्रायोपवेशनाने विनोबांनी देह ठेवला. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. चंबळमधील दरोडे त्यांच्या यात्रेने कायमचे थांबले नाहीत, हे खरे आहे. तरीही भाषा, जात, मुलूख यांपैकी काहीच समान नसलेल्या माणसांच्या दारी कोकणातला हा माणूस निःशंकपणे गेला आणि त्यांचा बाबा झाला. परमुलूख आपला कसा करावा, याचा याहून मोठा वस्तुपाठ आपल्याला दुसरा कोणता हवा?