म्हैसूरच्या तिजोरीचा तोल सावरणारे दिवाण रंगाचार्लू

बंगळुरूचे व्हाइटफील्ड उपनगर आज माहिती तंत्रज्ञान उद्योगासाठी ओळखले जाते. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी १८८२ मध्ये युरेशियन आणि अँग्लो-इंडियन संघटनेला दिलेल्या सुमारे ३,९०० एकर जमिनीवर ही वसाहत उभी राहिली. त्या वेळी सी. व्ही. रंगाचार्लू संस्थानाचे दिवाण होते आणि सरकारी तिजोरी कर्जाच्या ओझ्याखाली होती.

रंगाचार्लू यांचा जन्म १८३१ मध्ये मद्रास इलाख्यातील चेंगलपट्टू जिल्ह्यात झाला. मद्रास सरकारच्या महसूल खात्यात कारकून म्हणून सेवेला प्रारंभ करून ते उपजिल्हाधिकारी पदापर्यंत पोहोचले. महाराज कृष्णराज वडियार तिसरे यांच्या १८६८ मधील निधनानंतर राजवाड्याचा कारभार मार्गी लावण्यासाठी त्यांना म्हैसूरला पाचारण करण्यात आले. राजवाड्यातील अवाढव्य नोकरवर्ग आणि दिवंगत महाराजांची देणी, हे दोन्ही प्रश्न त्यांना हाताळावे लागले.

मार्च १८८१ मध्ये, पन्नास वर्षांच्या ब्रिटिश प्रशासनानंतर, संस्थान पुन्हा राजघराण्याकडे सोपवण्यात आले आणि रंगाचार्लू दिवाण झाले. १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळाने पूर्वीची शिल्लक संपली होती आणि हिंदुस्थान सरकारचे ८० लाख रुपयांचे कर्ज डोक्यावर होते. १८७१ मध्ये ५० लाखांवर असलेली लोकसंख्या १८८१ मध्ये सुमारे ४२ लाखांवर आली होती. साहजिकच महसूलही घटला होता. त्यातच ब्रिटिश सरकारला द्यावयाची वार्षिक खंडणी साडेचोवीस लाखांवरून ३५ लाख रुपये करण्यात आली. या वाढीची वसुली मात्र काही वर्षे लांबणीवर टाकण्यात आली.

खचलेल्या रयतेवर नवा बोजा टाकण्याऐवजी रंगाचार्लू यांनी प्रशासनाचा खर्च कमी केला. जिल्ह्यांची संख्या आठवरून सहावर आणली; काही तालुके, न्यायालये आणि तुरुंगही कमी केले. मात्र उत्पन्न वाढवणारी कामे त्यांनी थांबवली नाहीत. संस्थानाच्या खर्चाने बांधलेला बंगळुरू-म्हैसूर लोहमार्ग १८८२ मध्ये पूर्ण झाला.

त्यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य म्हणजे म्हैसूर प्रतिनिधी सभा. ऑक्टोबर १८८१ मध्ये दसऱ्याच्या वेळी भरलेल्या पहिल्या सभेत १४४ प्रतिनिधींसमोर संस्थानाच्या कारभाराचा आणि जमाखर्चाचा आढावा मांडण्यात आला. सभेला मतदानाने निर्णय घेण्याचा अधिकार नव्हता. तरीही राज्याचा हिशेब प्रजेपुढे ठेवण्याचा प्रघात त्यातून पडला.

दोन वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, २० जानेवारी १८८३ रोजी, रंगाचार्लू यांचे मद्रास येथे निधन झाले. त्यांच्या काटकसरीलाही मर्यादा होत्या. रद्द केलेले हसन आणि चित्रदुर्ग हे जिल्हे १८८६ मध्ये पुन्हा स्थापन करावे लागले. त्यांचे उत्तराधिकारी के. शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत तिजोरीत शिल्लक पडू लागली. राज्यांच्या वित्तीय तुटीची आणि निवृत्तिवेतनाच्या वाढत्या खर्चाची चर्चा आजही होत असताना, खर्च कमी करणाऱ्या शासनाने त्याचा हिशेबही जनतेसमोर ठेवावा, हा रंगाचार्लू यांच्या कारकिर्दीचा धडा महत्त्वाचा ठरतो.