विश्लेषण : मातीविना शेतीला भांडे किती मोठे हवे? गेरिके यांचे आयुष्य काय सांगते?

बाल्कनीत किंवा गच्चीवर पाण्यात भाजी पिकवायची म्हटली की पहिला प्रश्न भांड्याचा. बरणी पुरेल, बादली घ्यावी की मोठा टब आणावा? ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द जगाला देणारे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम फ्रेडरिक गेरिके (१८८२-१९७०) यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी याच प्रश्नाला हात घातला. त्यातून त्यांना प्रसिद्धी मिळाली आणि त्यातूनच त्यांचे विद्यापीठाशी बिनसले.

गेरिके यांच्याआधी काय होत होते?

पाण्यात रोपे वाढवणे गेरिके यांनी शोधले नाही. १८६० च्या दशकात जर्मनीत युलियस साक्स आणि विल्हेल्म क्नॉप यांनी क्षार विरघळवलेल्या पाण्यात रोपे वाढवून दाखवली होती. मात्र त्यांचे भांडे म्हणजे काचेची बरणी. तोंडाला बूच, बुचाच्या भोकात रोप आणि आत पाण्यात लोंबणारी मुळे. रोपाला नत्र, पालाश, लोह यांपैकी काय हवे आणि काय नसले तर चालते, एवढे तपासायला ती बरणी पुरेशी होती. द्रावण वरचेवर बदलावे लागे. एका बरणीत एक रोप, फार तर दोन-तीन. पुढची सहा दशके हे तंत्र प्रयोगशाळेच्या टेबलावरच राहिले. त्यावर पोट भरण्याइतके पीक काढता येईल, हा विचार फारसा कोणी गांभीर्याने केला नव्हता.

गेरिके यांनी वेगळे काय केले?

गेरिके कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संस्थेत रोपांच्या पोषणावर काम करत. गव्हाला कोणते क्षार केव्हा लागतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांनी बरणी बाजूला ठेवली आणि लांब-रुंद, पण जेमतेम वीतभर खोल अशी टाकी घेतली. टाकीवर तारेची जाळी बसवली. जाळीवर भुसा, गवत, लाकडाचा कीस अशा पदार्थांचा थर अंथरला. रोप या थरात उभे राही आणि मुळे जाळीतून खाली द्रावणात उतरत.

हा बदल दिसायला साधा होता, पण त्यात मुळांचा श्वास होता. मुळांना पाण्याइतकीच प्राणवायूची गरज असते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. अरुंद तोंडाच्या खोल बरणीत हवेचा पाण्याशी संपर्क थोडाच होतो. पसरट टाकीत तो खूप वाढतो. शिवाय थर आणि द्रावण यांच्यामध्ये मोकळी, दमट जागा राहते. वरची मुळे तिथे हवा घेतात, खालची पाणी आणि क्षार घेतात.

‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव कसे पडले?

१९२९ मध्ये गेरिके यांनी या पद्धतीवर लेख प्रसिद्ध केला. तेव्हा त्यांनी तिला ‘अ‍ॅक्वाकल्चर’ म्हटले होते. पण तो शब्द आधीच जलचरांच्या पैदाशीसाठी वापरात होता. विद्यापीठातील सहकारी विल्यम सेचेल यांनी ‘हायड्रोपोनिक्स’ सुचवला. ग्रीक भाषेत ‘हायडोर’ म्हणजे पाणी आणि ‘पोनोस’ म्हणजे श्रम. १९३७ मध्ये गेरिके यांनी हा शब्द ‘सायन्स’ या नियतकालिकातून मांडला. तोवर त्यांच्या टोमॅटोच्या वेली देशभर गाजल्या होत्या. जवळपास २५ फूट उंच गेलेल्या या वेलींचे टोमॅटो तोडायला शिडी लावावी लागे.

वाद कशावरून पेटला?

गाजावाजा वाढला तशी दुकानदारीही सुरू झाली. क्षारांची पाकिटे आणि तयार टाक्या विकणारे पुढे आले. मातीपेक्षा कितीतरी पट पीक येते, असे दावे होऊ लागले. विद्यापीठाकडे लोकांची विचारणा वाढली. गेरिके यांच्याकडे पद्धतीचा तपशील मागण्यात आला. मात्र हे काम आपण घरी, स्वतःच्या वेळात उभे केले, अशी त्यांची भूमिका होती आणि तपशील हातचा सोडायला ते तयार नव्हते. संबंध ताणले गेले आणि गेरिके विद्यापीठातून बाहेर पडले.

दाव्यांची शहानिशा करण्याचे काम त्याच विद्यापीठातील डेनिस होगलँड आणि डॅनियल अर्नन यांच्याकडे आले. त्यांची पुस्तिका १९३८ मध्ये निघाली. निष्कर्ष थंड डोक्याचा होता. चांगली माती, वाळू आणि पाणी यांना सारखाच उजेड, सारखीच जागा आणि सारखीच निगा मिळाली, तर उत्पन्नात मोठी तफावत पडत नाही. टाकी मोठी म्हणून पीक अमाप येत नाही. उजेड आणि दोन रोपांमधले अंतर पिकाची मर्यादा ठरवतात. मुळांना हवा मिळणे महत्त्वाचे आहे, हेही त्यांच्या कामातून ठळक झाले. त्यांनी दिलेले द्रावण आजही ‘होगलँड द्रावण’ म्हणून जगभर वापरले जाते.

मग गेरिके चुकले का?

चमत्काराचे दावे टिकले नाहीत, पद्धत मात्र टिकली. १९४० मध्ये गेरिके यांनी आपले तंत्र पुस्तकरूपाने सर्वांसाठी खुले केले. प्रशांत महासागरातील वेक बेटावर, जिथे शेतीजोगी माती नव्हती, तिथे पॅन अमेरिकन कंपनीच्या विमान थांब्यासाठी पाण्यावर भाजी पिकवण्यात आली. भारतात १९४६ च्या सुमारास जेम्स शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँग परिसरात प्रयोग केले. त्यातून कमी खर्चाची ‘बंगाल पद्धत’ पुढे आली. तीत मुळांना आधार खडी आणि वाळूचा होता. साक्स यांच्या बरणीतून रोपाची गरज कळली, तर गेरिके यांच्या टाकीमुळे तिचे पीक होऊ शकले.

आज घरासाठी भांडे कसे निवडावे?

भांड्याचे लिटर आणि भांड्याचा आकार हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लिटर ठरवतात स्थैर्य. समजा, उन्हाळ्यात टोमॅटोच्या झाडाने दिवसात एक लिटर पाणी ओढले. भांडे ४ लिटरचे असेल, तर उरलेले द्रावण सुमारे एक तृतीयांशाने तीव्र होते आणि पानांच्या कडा करपू शकतात. भांडे २० लिटरचे असेल, तर हा फरक सुमारे पाच टक्क्यांवर राहतो. लहान भांडे उन्हात लवकर तापते, तापले की प्राणवायू घटतो. म्हणून घरगुती बागेत पालेभाजीच्या एका रोपाला साधारण २ ते ४ लिटर आणि टोमॅटोच्या एका झाडाला १५ ते २० लिटर धरतात.

आकार ठरवतो हवा. उंच, अरुंद बादली घेतली तर मत्स्यटाकीतला हवेचा छोटा पंप लावावा. पसरट टब घेतला तर वरची काही मुळे पाण्याबाहेर राहतील एवढी जागा सोडावी. भांडे अपारदर्शक हवे, नाही तर शेवाळ धरते. झाकण घट्ट हवे, नाही तर डासांची सोय होते. आणि वजन विसरू नये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. २० लिटरचे चार टब म्हणजे बाल्कनीवर ८० किलो भार फक्त पाण्याचा.

२५ फुटी वेलीचे छायाचित्र पाहून सर्वांत मोठा टब विकत घेण्याआधी बाल्कनीत ऊन किती तास येते, ते मोजावे. होगलँड आणि अर्नन यांच्या तपासणीने गेरिके यांच्या टाकीला हीच मर्यादा घालून दिली होती.