गॅरी किल्डॉल

यवतमाळ जिल्ह्यातील वणी, पुसद अथवा दिग्रस येथील एखाद्या घरात नवा संगणक येतो. बटन दाबताच पडदा उजळतो. पण आत कार्यप्रणाली घातलेली नसेल, तर ते यंत्र नुसते बसून राहते. मग घरातील थोरली मुलगी कार्यप्रणाली त्यात उतरविते, आणि तासाभरात ते आज्ञा पाळू लागते. यंत्र कोणत्या कारखान्यात घडले, याची चौकशी तिला सहसा करावी लागत नाही. ही सोय ज्यांच्या बुद्धीमुळे लाभली, त्यांत गॅरी किल्डॉल यांचे नाव अग्रभागी आहे.

गॅरी यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिअ‍ॅटल या बंदराच्या शहरी झाला. त्यांच्या घराण्याची नौकानयनाची शाळा होती व तरुणपणी गॅरीही तेथे शिकवीत. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी संगणकशास्त्राचे अध्ययन करून १९७२ साली डॉक्टरेट मिळविली. माँटेरी येथील नौदलाच्या विद्यालयात ते अध्यापक होते.

त्या काळी संगणक म्हणजे मोठ्या संस्थांची मिरास. परंतु १९७१ साली इंटेल कंपनीने नखाएवढ्या चिपवर संगणकाचा मेंदू बसविला, आणि गॅरींना त्या चिमुकल्या वस्तूचा ध्यास लागला. माहिती साठविण्यासाठी फ्लॉपी नावाची लवचिक चुंबकीय तबकडी तेव्हा नुकतीच निघाली होती. ती फिरविणारे यंत्र गॅरींनी मिळविले. पण ते चिपला जोडण्याची विद्या त्यांच्यापाशी नव्हती. त्यांनी स्वतः खटपट केली, ती फसली. अखेर जॉन टोरोडे या मित्राने जोडणी सिद्ध केली. १९७४ साली पॅसिफिक ग्रोव्ह या गावी गॅरींची कार्यप्रणाली त्या तबकडीवरून चालू लागली. तिचे नाव सी.पी.एम.

खरी अडचण मात्र पुढेच होती. प्रत्येक कारखानदाराचे यंत्र निराळे, त्याची तबकडी निराळी. दर वेळी साऱ्या कार्यप्रणालीत फेरफार करीत बसावे लागे. गॅरींनी यावर जी युक्ती काढली, ती कोणाही शेतकऱ्यास चटकन उमगेल. बैलजोडी बदलली म्हणून कोणी नवा नांगर घडवीत नाही. जोते तेवढे सैल वा घट्ट करतो. गॅरींनी यंत्राशी थेट व्यवहार करणारा लहानसा भाग वेगळा काढला व त्यास बायोस हे नाव दिले. नव्या यंत्रासाठी एवढाच भाग नव्याने लिहावा, बाकीचे सर्व जसेच्या तसे राहावे. यामुळे एका यंत्रासाठी लिहिलेले काम दुसऱ्यावर चालू लागले. १९७६ साली पत्नी डोरोथी यांच्यासह त्यांनी कंपनी स्थापिली व अल्पावधीत सी.पी.एम. शेकडो प्रकारच्या संगणकांवर पोहोचली.

१९८० साली आय.बी.एम. या बलाढ्य कंपनीची माणसे त्यांच्या दारी आली. त्या भेटीच्या नाना कथा सांगितल्या जातात. एवढे खरे की करार जुळला नाही. आय.बी.एम.ने मायक्रोसॉफ्टकडून दुसरी कार्यप्रणाली घेतली. टिम पॅटरसन यांनी ती रचिली होती व तिची घडण पुष्कळशी सी.पी.एम.सारखीच होती. गॅरींनी तक्रार केल्यावर आय.बी.एम.ने दोन्ही विकावयास ठेविल्या. पण एकीची किंमत ४० डॉलर, तर गॅरींच्या कार्यप्रणालीची २४० डॉलर! अशा बाजारात कोण काय घेणार?

हे शल्य त्यांच्या मनात राहिले. तरीही त्यांचे प्रयोग थांबले नाहीत. साऱ्या ज्ञानकोशाचा मजकूर एका चकचकीत तबकडीवर आणण्याच्या कामी त्यांनी पुढाकार घेतला. संगणकविषयक दूरदर्शन कार्यक्रमातही ते दिसत. १९९१ साली त्यांची कंपनी विकली गेली. ११ जुलै १९९४ रोजी, डोक्यास झालेल्या दुखापतीनंतर, माँटेरी येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ५२ वर्षांचे होते.

पॅसिफिक ग्रोव्ह येथे ज्या घरात त्यांची कंपनी होती, त्याच्यासमोर २०१४ साली अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने त्यांच्या नावाचा धातूचा फलक बसविला.