स्ट्रॉबेरी चोरणारी पाखरे

ज्वारी हुरड्यावर आली की आमच्या मुकुटबनच्या शेतात पाखरांचे थवे उतरतात. गोफण घेऊन मचाणावर बसायचे काम लहानपणी माझ्याकडे असे. म्हणूनच की काय, कॉलेजच्या ग्रंथालयात चित्रांचे एक जाडजूड पुस्तक चाळताना मी एका पानावर थबकलो. गर्द निळ्या कापडावर वेलबुट्टी, जोडीजोडीने बसलेली पाखरे, आणि चोचीत चोरलेली स्ट्रॉबेरी!

हे कापड १८८३ सालचे. नक्षीकार विल्यम मॉरिस. केल्म्स्कॉटच्या आपल्या बागेत त्याने ही चोरी पाहिली होती. माळी चिडे, पण पाखरांना हात लावायचा नाही, अशी मालकाची ताकीद. (आमच्याकडे हे चालले नसते!)

मॉरिस १८३४ साली लंडनजवळ वॉल्थमस्टो येथे श्रीमंत घरात जन्मला. धर्मोपदेशक व्हायला ऑक्सफर्डला गेला, वास्तुकलेकडे वळला, तीही सोडली. कविता मात्र लिहीत राहिला. १८६१ मध्ये मित्रांबरोबर घरसजावटीची कंपनी काढली. इथवर ही एका हौशी धनिकाची गोष्ट वाटते. पण चाळिशी ओलांडल्यावर हा गृहस्थ लीक गावी टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याच्या कारखान्यात जाऊन स्वतः रंगाच्या पिंपात हात बुडवू लागला. बाजारातले नवे रासायनिक रंग त्याला आवडत नसत.

पाखरांच्या कापडाची रीत ऐकण्यासारखी आहे. आधी सगळे कापड निळीत रंगवायचे. मग लाकडी ठशांनी रंग उडवणारे द्रव्य लावून हवी तेथे जागा पांढरी करायची आणि तीत तांबडा, पिवळा भरायचा. याला कित्येक दिवस लागत. किंमतही अर्थात तशीच.

त्याच १८८३ साली मॉरिस समाजवाद्यांना जाऊन मिळाला, पुढे रस्त्यावर उभा राहून मजुरांपुढे बोलू लागला. कला मूठभरांची नसावी हा त्याचा हट्ट, आणि कापड मात्र श्रीमंतांच्या दिवाणखान्यात! काहींना हे ढोंग वाटेल. मला वाटत नाही. कापड स्वस्त करण्याच्या नादात कारागीर कसा स्वस्त होतो, हे त्याने पाहिले होते. इंग्रजी व्यापारापायी हिंदुस्थानातले हस्तोद्योग मरत असल्याची खंत त्याने १८७९ मध्येच बर्मिंगहॅमच्या व्याख्यानात बोलून दाखवली होती. १८९६ साली तो वारला. गाठ सुटली नव्हतीच.

दिवाळीच्या सुट्टीत ती नक्षी वहीत उतरवून घरी नेली. अंगणात वेचलेल्या कापसाचा ढीग पडला होता. बाबांनी पाखरांकडे फारसे पाहिले नाही. कापड कशाचे, एवढेच विचारले. सुती, असे मी सांगितले. मग त्यांनी भाव विचारला.